वरचा लेयर मागे का जातो?

प्रश्न : आमच्या मंडळासाठी पाडव्याच्या स्वागतयात्रेचा निमंत्रण-व्हिडिओ मी आफ्टर इफेक्ट्समध्ये करतो आहे. ऐंशीच्या वर लेयर झालेत. गुढीचा लेयर यादीत सगळ्यात वर आहे, तरी पडद्यावर गुढी देवळाच्या मागे जाते. पाहुण्यांची नावं बदलली की पुढचं सगळं सरकवावं लागतं. अक्षरं एकेक करून आणली तर वेलांट्या सुटतात. लेयर कमी करू का?
— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : लेयर कमी करू नका. तुमची अडचण संख्येची नाही, मांडणीची आहे.

आधी गुढी. साध्या लेयरचा नियम सरळ आहे : यादीत जो वर, तो पडद्यावर पुढे. पण लेयरच्या नावासमोरचं ठोकळ्याचं चिन्ह दाबलं की तो थ्रीडी होतो, आणि मग यादीतला क्रम बाजूला पडून कॅमेऱ्यापासूनचं अंतर बघितलं जातं. झेडचा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू दूर. तुमची गुढी शून्यावर आणि देऊळ उणे दोनशेवर असेल, तर देऊळ पुढे येणारच. गुढीचा झेड देवळापेक्षा कमी करा. गुढीला कॅमेऱ्याबरोबर हलायचंच नसेल, तर ठोकळा काढून टाका. आणखी एक जपा : थ्रीडी लेयरांच्या मध्ये एखादा साधा लेयर अडकला, तर त्याच्या वरचे आणि खालचे असे दोन वेगळे गट मानले जातात. मग एका गटाची सावली दुसऱ्यावर पडत नाही, आणि माणूस तासभर दिव्यांची जागा बदलत बसतो.

आता नावं. जे बदलणार आहे ते वेगळं काढायचं. पाहुण्यांच्या नावांचे सगळे लेयर निवडून त्यांचा प्रीकॉम्प करा. मुख्य टाइमलाइनवर तो एकच लेयर दिसेल. नाव बदलायचं तर आत जाऊन बदलायचं, बाहेरच्या हालचालींना धक्का लागत नाही. आत मजकुरासाठी दोन ओळींची जागा आधीच मोकळी सोडा, कारण ऐनवेळी येणारं नाव पदव्यांसकट लांबलचक असतं. काही लेयरांची फक्त हालचाल एक आहे, ढोल-ताशा पथकातले सगळे ढोल एकदम डावीकडून येतात, तर प्रीकॉम्पची गरज नाही. एक नल ऑब्जेक्ट घ्या, सगळे ढोल त्याला पेरेंट करा आणि नल हलवा.

वेलांटीचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण परभाषेतली शिकवणी बघून काम करणाऱ्या आपल्या मुलांना तो हमखास अडतो. 'डोंबिवली' वाचताना चार अक्षरं, पण युनिकोडमध्ये तीच आठ चिन्हं : ड, ओकाराची मात्रा, अनुस्वार, ब, पहिली वेलांटी, व, ल, दुसरी वेलांटी. मजकुराच्या सेटिंगमध्ये भारतीय लिपींसाठीचा पर्याय निवडलेला नसेल, तर ही चिन्हं नीट जुळत नाहीत. फ्लेक्सवाल्यांकडून आलेला मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असेल, तर वेलांटी तिथे मुळातच सुटी असते. ती एकटीच उडत येते. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा, आणि अ‍ॅनिमेटरमध्ये अक्षरांऐवजी शब्द हा आधार ठेवा. अक्षरांमधलं अंतरही वाढवू नका, शिरोरेषा तुटते. त्यापेक्षा शब्दावर एक पट्टी ट्रॅक मॅट म्हणून लावा आणि ती डावीकडून उजवीकडे सरकवा. शिरोरेषा ओढली जावी तसा शब्द उलगडतो. देवनागरीला हेच शोभतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्वी मॅटचा लेयर लगेच वर ठेवावाच लागे. २०२२च्या ऑक्टोबरात आलेल्या आवृत्तीपासून यादीतला कुठलाही लेयर मॅट म्हणून निवडता येतो, त्यामुळे क्रम मोडत नाही.

थरावर थर चढवणं ही कल्पना संगणकाची नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालियामर्दन' (१९१९) यांतले चमत्कार कॅमेऱ्यातच घडवले. चौकटीचा एक भाग झाकायचा, उरलेल्या भागावर चित्रण करायचं, मग फिल्म मागे गुंडाळून त्याच तुकड्यावर दुसरं दृश्य घ्यायचं. एक थर बिघडला की सगळंच गेलं. दुरुस्त करता येणारे सुटे थर आपल्याला फार उशिरा मिळाले. आफ्टर इफेक्ट्सची पहिली आवृत्ती अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका छोट्या कंपनीने १९९३ साली काढली. फोटोशॉपमध्येही लेयर आले ते त्यानंतर, १९९४च्या ३.० आवृत्तीत. ही सोय आहे, तर ती पुरेपूर वापरा.

अ‍ॅडजस्टमेंट लेयर मात्र जपून ठेवा. त्याचा परिणाम खालच्या सगळ्यांवर होतो. केशरी झळाळी नावांवर नको असेल, तर नावांचा प्रीकॉम्प त्याच्या वर न्या.

डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने सुरू झालेली स्वागतयात्रा आता ठाण्या-कल्याणातही दर पाडव्याला निघते, म्हणजे तुमची फाइल पुढच्या वर्षी पुन्हा उघडणार, कदाचित दुसऱ्याच्या संगणकावर. म्हणून आजच प्रत्येक लेयरला मराठीत नाव द्या : 'गुढी-पुढची', 'कळस', 'पाहुणे'. आणि फाइल देताना फॉन्ट सोबत द्यायला विसरू नका.