पहिली आफ्रिकन सफारी कमी खर्चात: आधी स्वतः जा, मग गिऱ्हाईक न्या



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण केनियाच्या सफारीचं कॉस्टिंग केलं. व्हिडिओत आकडे भराभर पुढे सरकतात, म्हणून तेच इथे शांतपणे लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. छोट्या ग्रुपच्या टूर्सचा व्यवसाय करायचा असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. फक्त स्वतः एकदा सिंह बघून यायचं असेल, तरी हिशोब हाच लागेल.

आधी एक चूक, आणि ती माझीही आहे

माझ्या बॅचमध्ये एक विद्यार्थी होता. फोटोग्राफीचा छोटा व्यवसाय, लोकसंग्रह चांगला. त्याने ठरवलं की मसाई माराला पहिला ग्रुप न्यायचा. गाडीत सहा जागा. त्याने सहा जणांचा खर्च काढला, माणशी १,३७,२०० रुपये आला. वर थोडं मार्जिन ठेवून १,४५,००० रुपये भाव लावला. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.) एक्सेल शीट मला पाठवली. मी गडबडीत होतो, वरवर बघितली आणि "मस्त!" लिहून अंगठा पाठवून दिला.

त्या शीटमध्ये काय चुकलं होतं? सहा जागांपैकी एक त्याची स्वतःची होती! पैसे देणारे पाचच. त्यातून निघायच्या आधी त्याचा मावसभाऊ गळाला, आणि नात्यातला म्हणून याने त्याचे सगळे पैसे परत केले. ट्रिप झाली, लोक खूश झाले, फोटोही सुंदर आले. आणि याच्या खिशातून सव्वा लाख रुपये गेले. घरातलं सोनं गहाण ठेवून त्याने ते भरले.

ती शीट मी पाच मिनिटं नीट बघितली असती तरी हे टळलं असतं. म्हणून आज ती पाच मिनिटं आपण सगळ्यांनी मिळून देऊ.

खर्चाचे तीन डबे

सफारीचा प्रत्येक खर्च या तीनपैकी एका डब्यात जातो.

डबा १: गाडीमागचा खर्च. छत उघडणारी लँड क्रूझर, ड्रायव्हर-गाइड, डिझेल. गाडीत दोघं बसा नाहीतर सहा, बिल तेवढंच. दिवसाला २२० डॉलर धरू. सहा दिवसांचे १,३२० डॉलर.

डबा २: माणशी खर्च. राहणं-जेवण (५ रात्री, रोज ९० डॉलर, म्हणजे ४५०), माराची प्रवेश फी (२ दिवस, २००), नैवाशा भागातली बोट आणि इतर प्रवेश (९०), ई-टीए, विमा, पाणी, टिप वगैरे (१२०). एकूण ८६० डॉलर. शिवाय विमानाचं तिकीट, ते ४०,००० रुपये धरू.

डबा ३: तुमचा स्वतःचा खर्च. तुम्ही ग्रुपबरोबर जाणार असाल तर डबा २ चा अख्खा खर्च तुमच्यावरही पडतो, आणि तो देणारं दुसरं कोणी नसतं. सगळ्यात जास्त विसरला जाणारा डबा हाच.

डॉलर ९० रुपये धरून रुपयांत मांडू:

- गाडी: १,१८,८०० रुपये
- तुमचा स्वतःचा खर्च: ७७,४०० + ४०,००० = १,१७,४०० रुपये
- म्हणजे एकही गिऱ्हाईक यायच्या आधी स्थिर खर्च: २,३६,२०० रुपये
- प्रत्येक गिऱ्हाइकामागे वाढणारा खर्च: १,१७,४०० रुपये

आता १,४५,००० भाव लावला तर एका गिऱ्हाइकामागे हातात उरतात २७,६००. त्यातून २,३६,२०० भरून काढायचे तर नऊ गिऱ्हाईक लागतात. गाडीत जागा किती? पाच! म्हणजे गाडी पूर्ण भरली तरी ९८,२०० रुपये तोटा, आणि एक गळाला की १,२५,८००. हे गणित बुकिंग घेण्याआधीच दिसत होतं.

मग भाव किती हवा? नियम लक्षात ठेवा: गाडी पूर्ण भरेल असं धरून भाव काढायचा नाही. एक जागा रिकामी जाईल असं धरून काढायचा. चार गिऱ्हाइकांत खर्च निघायचा तर माणशी १,७६,४५० येतात. १,८०,००० लावा. चार आले तर १४,२०० उरतील, पाच आले तर ७६,८००. जीएसटी आणि टीसीएस वेगळे. परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला हे दोन्ही बघावे लागतात आणि नियम बजेटमध्ये बदलत राहतात, म्हणून पहिलं कोटेशन द्यायच्या आधी सीएकडे जाऊन या.

"सर, १,८०,००० ला कोण येईल?" बरोबर प्रश्न आहे. उत्तर भाव पाडण्यात शोधू नका, खर्च ओळखण्यात शोधा. त्यासाठी आधी एकदा स्वतः जाऊन यायला हवं.

पाहणी दौरा: स्वतःची पहिली सफारी स्वस्तात कशी करायची

*एक. महिना.* मसाई मारा नॅशनल रिझर्व्ह नारोक काउंटीच्या अखत्यारीत येतं. २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर प्रवेश फी आहे. जंगल तेच, फी दुप्पट. कारण साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये सेरेंगेटीकडून विल्डबीस्टचे प्रचंड कळप माराला येतात आणि नदी ओलांडतात. टीव्हीवर मगरींबरोबर दिसतं तेच ते दृश्य. ते बघायचं असेल तर पैसे मोजावेच लागतील. पण सिंह, हत्ती, जिराफ, तरस, पाणघोडे बारा महिने तिथेच असतात. मार्च ते मे मोठा पाऊस असतो आणि कच्च्या रस्त्यांवर चिखल होतो. त्यामुळे कमी बजेटवाल्याने जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून बघावा. फक्त गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगा, "जूनमध्ये नदी ओलांडणारे कळप दिसतीलच असं नाही." हे न सांगता विकलंत तर तो माणूस तुमच्याकडे परत येणार नाही, आणखी चार जणांनाही सांगेल.

*दोन. तिकिटाचे तास.* माराचं तिकीट १२ तासांचं, सकाळी ६ ते संध्याकाळी ६. नैरोबी ते मारा रस्त्याने पाच-सहा तास लागतात. दुपारी तीनला पोहोचून लगेच आत शिरलात तर तीन तासांसाठी दिवसाची पूर्ण फी जाते. त्यापेक्षा त्या दिवशी गेटबाहेरच्या कॅम्पवर आराम करा, किंवा मसाई वस्तीला भेट द्या. पुढचे दोन दिवस जेवणाचा डबा बरोबर घेऊन पहाटेपासून संध्याकाळपर्यंत आतच राहा. वरच्या हिशोबात तीन रात्री मारा आणि तिकिटं दोनच आहेत, ती यामुळे.

*तीन. राहण्याची जागा.* सेकेनानी आणि तालेक गेटच्या बाहेर साधे तंबू कॅम्प भरपूर आहेत. आत पलंग, संडास-बाथरूम, जेवण सगळं असतं. आतले लॉज आणि आजूबाजूच्या खासगी कॉन्झर्व्हन्सी महाग पडतात. त्या जमिनीचं भाडं मसाई कुटुंबांना मिळतं, गाड्यांची गर्दी कमी असते, रात्रीची सफारीही करता येते. पैसा उगाच जात नाही, पण पहिल्या फेरीला ते लागत नाही.

*चार. जॉइनिंग सफारी.* एकटेच जाणार असाल तर अख्खी गाडी घेऊ नका. नैरोबीतून तीन दिवसांच्या शेअरिंग सफारी निघतात. अनोळखी चार-पाच जणांबरोबर गाडीचा खर्च वाटला जातो. आपल्या वडापसारखंच, फक्त खिडकीबाहेर जिराफ! विचारताना "खिडकीची जागा नक्की आहे का?" हे लिहून घ्या.

*पाच. स्वस्त दिवस.* सगळे दिवस माराला घालवू नका. नैवाशाजवळच्या हेल्स गेट पार्कमध्ये सायकलवरून आणि पायी फिरता येतं, झेब्रे आणि जिराफांच्या मधून. नैवाशा तलावात बोटीतून पाणघोडे दिसतात. लोकांना बऱ्याचदा हाच दिवस जास्त लक्षात राहतो.

हे विसरलात तर स्वस्त ट्रिप महाग होते

- यलो फीव्हरची लस. केनियाहून भारतात परतताना याचं प्रमाणपत्र लागतं. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी. कार्ड नसेल तर परत आल्यावर क्वारंटाइनमध्ये बसावं लागू शकतं. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.
- ई-टीए. २०२४ पासून केनियाला व्हिसा लागत नाही, पण ऑनलाइन ई-टीए आधी काढावंच लागतं. अर्ज अधिकृत सरकारी साइटवरच करा. हुबेहूब दिसणाऱ्या साइट्स जास्त पैसे घेतात.
- प्लास्टिक. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, दंड कडक आहे. चिवडा-लाडू कापडी पिशवीत किंवा डब्यात न्या.
- सामान. मऊ बॅग घ्या, गाडीत बसवायला सोपी जाते. सकाळी थंडी असते, स्वेटर हवा.
- शाकाहार. काळजी नको. चहाला तिथेही चाय म्हणतात आणि चपातीला चपातीच. तरी जैन जेवण हवं असेल तर कॅम्पला आधी लेखी कळवा.

तिथला पार्टनर कसा निवडायचा

तिथली कंपनी हा तुमच्या धंद्याचा अर्धा भाग. तिच्याकडे टुरिझम रेग्युलेटरी अथॉरिटीचं लायसन्स आहे का बघा. केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्सची सभासद असेल तर आणखी चांगलं. गाइडला केनिया प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशनचं ब्रॉन्झ, सिल्व्हर किंवा गोल्ड प्रमाणपत्र असतं, तेही विचारा.

मग कोटेशनमध्ये हे लेखी घ्या: प्रवेश फी धरली आहे का आणि किती दिवसांची? गाडी लँड क्रूझर की व्हॅन? गाडी बिघडली तर दुसरी किती तासांत येईल? कॅम्प गेटपासून किती लांब? गरम पाणी आणि वीज कोणत्या वेळेत? रद्द केल्यास किती पैसे परत?

सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेक वेळा प्रवेश फीच धरलेली नसते. तीन कोटेशन शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा, खालची बेरीज नंतर बघा.

डॉलर आणि ॲडव्हान्स

वरच्या ग्रुपमध्ये तुमच्यासकट सहा जणांचा डॉलरमधला खर्च ६,४८० होतो. बुकिंग घेताना डॉलर ९० ला होता आणि पैसे पाठवताना ९४ झाला, तर २५,९२० रुपये जास्त जातात. म्हणजे ७६,८०० च्या नफ्यातला तिसरा हिस्सा तुम्ही काहीही चूक न करता गेला. म्हणून कोटेशनवर लिहा: "हा भाव अमुक डॉलर दरावर, अमुक तारखेपर्यंत." आणि ॲडव्हान्स येताच विमान आणि कॅम्पचे पैसे भरा, गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स घरखर्चात मिसळू नका. वेगळं खातं उघडा.

रद्द करण्याचे नियम पहिल्याच दिवशी लिहून सही घ्या, आणि ते मावसभावालाही लागू ठेवा. नातं टिकवायचं असेल तर हिशोब आधी स्वच्छ ठेवावा लागतो.

तो विद्यार्थी पुढे काय करतोय?

त्याने व्यवसाय सोडला नाही. आता तो प्रत्येक ग्रुपबरोबर जात नाही. ड्रायव्हर-गाइड त्याने स्वतः बघून निवडलेला आहे, कॅम्पही माहितीतला आहे. तो जात नसल्यामुळे डबा ३ शून्य झाला. तेव्हा स्थिर खर्च उरतो फक्त गाडीचा, १,१८,८००. आणि मग तोच १,४५,००० चा भाव, सहा गिऱ्हाईक, ४६,८०० नफा. तीच गाडी, तेच जंगल. पण पाच गिऱ्हाईक मिळाले तरच ट्रिप काढायची, हे त्याने भिंतीवर लिहून ठेवलंय. आणि शीट तो मला अजूनही पाठवतो. आता मी ती उघडून शेवटच्या ओळीपर्यंत बघतो.

तुमचा गृहपाठ

१. तुमच्या व्यवसायाचे, मग तो टूरचा असो, केटरिंगचा असो नाहीतर क्लासचा, तीन डबे कागदावर मांडा.
२. डबा ३ मध्ये तुमचा स्वतःचा खर्च आणि वेळ लिहा. शून्य लिहायचं नाही!
३. एक जागा रिकामी गेली तर काय होईल, तो आकडा काढा.
४. तो आकडा सहन होत नसेल तर भाव बदला किंवा खर्च बदला. "बघू पुढे" असं म्हणायचं नाही.

पुढच्या व्हिडिओत ॲडव्हान्स आणि रिफंडचा नियम एका पानात कसा लिहायचा ते बघू. तोपर्यंत हिशोब करा, आणि केलेला हिशोब दुसऱ्या कुणाला तरी नीट वाचायला द्या. नुसता अंगठा पाठवणाऱ्याला नको.