हवा कुणी पाहिली?

परभणीत जिंतूर रोडला एका दुमजली घराच्या गच्चीवरून दोन हिवाळ्यांपूर्वी रोज पहाटे एक आवाज यायचा. मोटर घुं करून चालू व्हायची, तीन-चार सेकंदांत टक् करून बंद पडायची. पुन्हा घुं, पुन्हा टक्. न्हाणीघरात एक बादली भरेपर्यंत हे अकरा वेळा व्हायचं. घरच्यांना वाटे, मोटर आपोआप चालू-बंद होणारीच आहे, म्हणजे बरोबरच असेल. ते घर हे लिहिणाऱ्याचं. आणि त्या आवाजाकडे वेळीच कान दिला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

परभणीकरांना टाकी म्हटलं की साठा आठवतो. शहराचं पाणी पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणातून येतं, पण नळाला ते रोज येत नाही. म्हणून घरटी खाली हौद आणि वर सिंटेक्स. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते पाहिलेल्या पिढीला तर मोठी टाकी म्हणजे निर्धास्त झोप. त्यामुळे दुकानात कुणी 'प्रेशर टँक घ्या' म्हटलं, की गिऱ्हाईक आधी विचारतं, "किती लिटर बसतं?" या घरानेही तेच विचारलं. चोवीस लिटर, असं उत्तर आलं, आणि वीज गेली तरी एक बादली तरी सुटेल, अशी समजूत करून टाकी घरी आली.

दाबाची टाकी पाण्याचा साठा करत नाही. ती दाब धरून ठेवते, आणि दाब धरते ती आतली हवा. लोखंडी डब्यात एक रबरी फुगा असतो. फुग्यात पाणी, फुग्याबाहेर हवा. पाणी आत शिरलं की हवा दबते, आणि नळ उघडला की तीच हवा पाण्याला बाहेर ढकलते. कापसावर, सोयाबीनवर पाठीवरच्या पंपाने फवारणी केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दांडा खाली-वर होत असतो तरी नोझलमधून फवारा एकसारखा येतो, कारण पंपाच्या आत हवेची एक कुपी असते. घरातली टाकी म्हणजे तीच कुपी, मोठ्या मापाची.

या घराला तिची गरज का पडली? गच्चीवरची सिंटेक्स आणि वरच्या मजल्याचा शॉवर यांत उंचीचा फरक जेमतेम दोन मीटर. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे शॉवरला ०.२ बार. पाणी अंगावर पडे, पण जोर नसे. तुलनेला एक सरकारी माप पाहा. शहरी पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या केंद्रीय नियमपुस्तिकेत एकमजली घरापाशी किमान ७ मीटर, दुमजलीपाशी १२ मीटर आणि तिमजलीपाशी १७ मीटर दाब उरावा, असं म्हटलं होतं. खरं तर सिंटेक्सचं स्टँड दीड-दोन मीटर उंच केलं असतं आणि अर्धा इंची पाइपाऐवजी पाऊण इंची टाकला असता, तरी बराच फरक पडला असता. पंप घेण्याआधी हा हिशेब प्रत्येकाने करावा. आणि नळाच्या सरकारी लाइनला थेट मोटर तर लावूच नये. ते बेकायदा आहेच, शिवाय ओढीने लाइनमध्ये पोकळी होते आणि फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत खेचलं जातं. पंप लावायचा तो आपल्या हौदाला किंवा गच्चीवरच्या टाकीला.

होळीच्या सुमारास अर्ध्या एचपीचा पंप आणि चोवीस लिटरची टाकी गच्चीवर बसली, उघड्या उन्हात. पंप चालू होताच एक वरवर गमतीशीर पण गंभीर गोष्ट झाली: गरम पाण्याच्या लाइनचा जो पाइप सिंटेक्सच्या वर हवेसाठी उघडा सोडलेला होता, त्यातून गच्चीवर पाण्याचा फवारा उडाला. फिटरने त्याच्या तोंडावर एंड कॅप चिकटवली. फवारा थांबला. कुणी काही विचारलं नाही.

पुढे मे महिना आला. परभणीत पारा ४४-४५ अंशांना टेकतो. उन्हातल्या लोखंडाला हात लावता येत नाही. पावसाळा गेला, आणि थंडीत, जेव्हा इथे काही पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकू लागलं. भिंत ओली व्हायला लागली. दुसरा एक माणूस आला, "व्हॉल्व्ह गेलाय" म्हणाला, आणि त्या छोट्या तोंडाला त्याने डमी मारली. ठिबक बंद. घर खूश.

जानेवारीतल्या एका पहाटे आई आंघोळ करून बाहेर आली. गिझर पुन्हा भरला, पाणी पुन्हा तापायला लागलं, सगळे नळ बंद होते. दहा-बारा मिनिटांनी न्हाणीघरात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. गिझरच्या गरम बाजूचा जाळीचा कनेक्शन पाइप फुटून उकळतं म्हणावं असं पाणी आई जिथे पाट मांडते तिथेच पडत होतं. त्या पाटाकडे पाहून त्या दिवशी घरात कुणालाच चहा गेला नाही.

आठ दिवसांनी मोटरही जळाली. मोटर बांधणारे एक वयस्कर काका बघायला आले. त्यांनी मोटरीकडे नंतर पाहिलं. आधी टाकीच्या मागचं प्लॅस्टिकचं टोपण काढलं. आत मोटारसायकलच्या ट्यूबला असतो तसाच व्हॉल्व्ह. खिळ्याने त्याची पिन दाबली. हवेऐवजी पाण्याची चिळकांडी उडाली आणि त्यांच्या बाहीवर गंजाचा पिवळा डाग पडला.

"फुगा फाटलाय, मालक," ते म्हणाले. "मोटर सारखी चालू-बंद करायली होती, ती ह्याच्यामुळं. पाणी पाहिलं तुम्ही, लाइट पाहिली. हवा कुणी पाहिली?"

हवेचं गणित १६६२ पासून माहीत आहे. रॉबर्ट बॉइलने त्या साली मांडलं, की तापमान तेच असेल तर दाब दुप्पट झाला की हवा निम्म्या जागेत मावते. या घरच्या पंपाचा स्विच १.४ बारला चालू आणि २.८ बारला बंद होई. बाजारात पुष्कळ स्विच असेच लावलेले येतात. टाकीत १.२ बार हवा असेल, तर या चालू-बंदच्या मध्ये चोवीस लिटरच्या टाकीतून मिळतं सुमारे आठ लिटर पाणी. चोवीस नव्हे, आठ. अर्धी बादलीसुद्धा नाही. हवा गळून ०.४ बारवर आली की तेच पाच लिटर. फुगा फाटून हवा गेली की जवळजवळ शून्य, आणि मग तांब्याभर पाण्यालाही मोटर उठते. मोटर सुरू होताना ओढते तो करंट नेहमीच्या कितीतरी पट असतो. मिनिटाला दहा-बारा वेळा हा धक्का बसला, की गुंडाळी तापणारच; त्यात आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असतं.

म्हणून टाकी निवडताना विचारायचा प्रश्न 'किती लिटर बसतं' हा नाहीच. पंप मिनिटाला किती पाणी देतो, हे आधी त्याच्या पाटीवर पाहावं. एकदा चालू झालेली मोटर निदान मिनिटभर चालावी, हा छोट्या पंपांचा जुना ठोकताळा आहे. पंप मिनिटाला वीस लिटर देत असेल, तर टाकीतून वीस लिटर मिळायला हवं. त्यासाठी साठ लिटरची टाकी लागते. दुकानदार चोवीसची देतो कारण ती पंपाच्या डोक्यावर बसते आणि स्वस्त पडते. जिथे पाण्याचा ओघ ओळखून चालणारा किंवा वेग कमी-जास्त करणारा पंप आहे, तिथे मात्र छोटी टाकी पुरते. फुगा बदलता येईल अशी, नटबोल्टच्या फ्लँजची टाकी घ्यावी. फ्लँज स्टेनलेस स्टीलची मिळाली तर उत्तम. साधा पत्रा पाण्यात लवकर गंजतो. फुग्याचं रबर पिण्याच्या पाण्याला चालणारं आहे ना, हेही विचारावं.

आता हवा किती भरायची? पंप ज्या दाबाला चालू होतो, त्याहून ०.२ बार कमी. १.४ ला चालू होत असेल तर १.२. पंक्चरच्या दुकानातल्या भाषेत सतरा-अठरा पाउंड. कारखान्यातून टाकी बरेचदा दीड-दोन बार भरून येते, तेव्हा नव्या टाकीतली थोडी हवा सोडावीच लागते. या घराने दुसरी टाकी आणल्यावर तीही पंक्चरवाल्याकडून तपासून घेतली, आणि सवयीप्रमाणे त्याने मोटारसायकलच्या चाकासारखे तीस पाउंड भरले. परिणाम असा, की शॉवर चालू असताना पाणी मध्येच तुटायचं, क्षणभर काहीच नाही, मग एकदम जोराने यायचं. टाकी तीस पाउंडांवरच रिकामी होत होती आणि पंप वीस पाउंडांची वाट पाहत होता. एकदा पिन दाबून अठरावर आणलं आणि धक्का गेला.

हवा मोजताना पंपाची वीज आणि सिंटेक्सकडून येणारा कॉक बंद करून सगळ्यात खालचा नळ उघडा टाकावा, पाणी पूर्ण थांबू द्यावं, मगच गेज लावावं. टाकीत पाण्याचा दाब असताना घेतलेलं माप खोटं असतं. आणि मोजायचं ते सकाळी. पंधरा अंशांच्या पहाटे अठरा पाउंड दाखवणारी टाकी पंचेचाळीस अंशांच्या दुपारी तीनेक पाउंड जास्त दाखवते.

पण मोटर जळणं हे पैशांचं नुकसान. गिझरचं प्रकरण जिवाशी होतं, आणि याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पाणी तापलं की फुगतं. वीस अंशांचं साठ अंशांवर गेलं की दीड टक्क्याने. पंचवीस लिटरच्या गिझरमध्ये जवळपास ४०० मिलिलिटर, म्हणजे मोठे दोन पेले. पाणी दाबून लहान होत नाही. या दोन पेल्यांना जागा हवीच. आजीच्या तांब्याच्या बंबात ती होती. वरच्या नरसाळ्यातून थंड पाणी ओतावं आणि तोटीतून गरम यावं. बंबाचं तोंड कधी कुणी झाकून बंद केलं नाही. गच्चीवरच्या टाकीवर चालणाऱ्या गिझरला ती जागा उघड्या हवा-पाइपातून मिळत होती. एंड कॅप बसली तेव्हा तो रस्ता गेला. मागे थंड लाइनकडे परतायचा रस्ता गिझरच्या व्हॉल्व्हमधल्या एकतर्फी पडद्याने आधीच अडवलेला. उरला सेफ्टी व्हॉल्व्ह. तो ठिबकत होता, म्हणजे नेमून दिलेलं काम करत होता. त्याला डमी मारणं म्हणजे कुकरची शिटी आणि वरचा सेफ्टी प्लग दोन्ही बुजवून गॅस पेटवणं. पाइप फुटला हे त्या घराचं नशीब. पाइप टिकला असता तर गिझरची टाकी फाटली असती.

उपाय आहे आणि तो महाग नाही. दाबाच्या लाइनवर गिझर असेल तर त्याच्यासाठी वेगळी, पाच लिटरची छोटी फुगवट्याची टाकी बसवावी. जागा महत्त्वाची: शेवटचा एकतर्फी व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्या मधल्या थंड पाइपवर. त्या व्हॉल्व्हच्या अलीकडे बसवली तर तिचा गिझरला काही उपयोग नाही; गच्चीवरच्या मोठ्या टाकीचा नव्हता, तो याच कारणाने. गिझर आणि ही टाकी यांच्या मध्ये कॉक नको. ती भिंतीला पट्टीने आवळावी, सीपीव्हीसीच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नये. हिच्यात हवा मात्र पंप बंद होतो तितकी, म्हणजे या घरी २.८ बार, चाळीस पाउंड. तेवढी असली की दोन पेले पाणी आत घेऊनही दाब ३.१ बारच्या पुढे जात नाही.

सेफ्टी व्हॉल्व्ह उघडाच ठेवून त्याला पातळ नळी जोडावी आणि ती मोरीत सोडावी. गिझरच्या पाटीवर किती दाब लिहिला आहे तेही वाचावं, तिथे ०.६५ किंवा ०.८ मेगापास्कल असं असतं, त्याला दहाने गुणलं की बार. आणि गच्चीवर सोलर असेल, तर बिनदाबाच्या सोलर टाकीला पंपाची लाइन जोडू नये, तिचा हवा-पाइप कुणालाही बंद करू देऊ नये. फवारा उडतो म्हणून जो टोपण लावायला निघेल त्याला तिथेच थांबवावं, मग तो कितीही जुना फिटर असो.

त्या घरात आता साठ लिटरची टाकी जिन्याखाली सावलीत सिमेंटच्या ओट्यावर आहे. पाडव्याला आणि खंडेनवमीला तिची हवा मोजली जाते. खंडेनवमीला अवजारांच्या पूजेत पान्ह्याशेजारी टायरचं गेजही मांडलेलं असतं. गेल्या दसऱ्याच्या आदल्या सकाळी मोठी टाकी सोळा पाउंडांवर आली होती. सायकलच्या पंपाने सात-आठ दट्टे मारून ती सतरावर आणली, गिझरची टाकी चाळीसलाच होती. मग आईने आतून विचारलं, "झालं का? नळ उघडू?"