यूव्ही कोटिंग : हाताला सुके लागले म्हणजे पक्के झाले असे नाही

साडीच्या बॉक्सवर किंवा लग्नपत्रिकेवर काचेसारखा चकाकणारा थर असतो, तो बहुधा यूव्ही वॉर्निशचा. आपले पुष्कळ बंधू छपाईच्या धंद्यात आहेत आणि आमच्यासारखे कापडवाले त्यांचे गिऱ्हाईक. माझे चारशे बॉक्स एकदा गोदामात एकमेकांना चिकटले. घेताना हात फिरवला, कोरडे लागले, म्हणून पैसे चुकते केले होते.

साध्या वॉर्निशमधला थिनर उडतो आणि ते सुकते. यूव्ही वॉर्निशमध्ये उडण्यासारखे फारसे काही नसते. त्यात एपॉक्सी ॲक्रिलेट किंवा युरेथेन ॲक्रिलेट ही घट्ट राळ, तिला पातळ करणारा टीपीजीडीएसारखा मोनोमर आणि थोडा फोटोइनिशिएटर असतो. दिव्याचे अतिनील किरण पडताच फोटोइनिशिएटर फुटतो आणि राळ व मोनोमर यांचे एकच जाळे विणले जाते. हे काम सेकंदाच्या आत होते.

घोळ होतो तो दिव्यात. पाऱ्याचा दिवा जुना झाला तरी डोळ्याला उजळच दिसतो, पण अतिनील किरण घटलेले असतात. कन्व्हेयर जास्त वेगाने पळवला तरी तोच परिणाम. हवेतला ऑक्सिजन वरची क्रिया अडवतो, त्यामुळे कधी वरून चिकट राहते. ते निदान हाताला कळते. पण थर जाड असला किंवा खाली गडद शाई असली, तर वर सुके आणि तळाशी कच्चे राहते. फसवणारा माल हाच.

तपासणी दुकानातही करता येते. कापूस एमईके सॉल्व्हंटमध्ये भिजवून एकाच जागी मागेपुढे घासावा व फेऱ्या मोजाव्यात. कच्चा थर लवकर विरघळतो. किती फेऱ्या टिकला पाहिजे, हे ऑर्डर देतानाच ठरवावे. चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. बॉक्स घडीवर मोडून पाहावा : नुसत्या एपॉक्सीचा थर कडक पण ठिसूळ असतो, तडकतो, युरेथेन लवचीक, पण महाग. मुख्य म्हणजे दोन तुकडे तोंडाला तोंड लावून, वर वजन ठेवून, उबदार जागी रात्रभर ठेवावेत. माझे नुकसान एवढ्यानेच टळले असते.

कारागिरांनी हातमोजे घालावेत. कच्चे वॉर्निश कातडीवर पुरळ आणते आणि एकदा त्याची ॲलर्जी जडली की सहसा जात नाही. अंगावर उडाल्यास थिनरने पुसू नये, साबण-पाण्याने धुवावे.

आता मी प्रत्येक लॉटचा एक नमुना ठेवतो आणि दिवा किती तास चालला आहे, ते छापखान्याकडून त्याच्या पाठीवर लिहून घेतो.