रिमोट तीन, कान दोनच

वस्तीतल्या बऱ्याच घरांत आता टीव्हीखाली साऊंडबार आला आहे. नवे टीव्ही पातळ, त्यांचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले, म्हणून बोलणं स्पष्ट ऐकू येत नाही. हप्त्यावर का होईना, बार घ्यावा लागतो. त्यात गैर काही नाही. पण बार आल्यावर दहा बाय बाराच्या खोलीतला आवाज वाढतच जातो, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा मांडणीत असतं.

बार जोडला की घरात आवाजाची तीन बटणं होतात: सेट टॉप बॉक्सचं, टीव्हीचं आणि बारचं. बॉक्सचा आवाज निम्म्यावर राहिला की तिथूनच सिग्नल दुबळा निघतो. मग आपण बार चढवतो आणि त्याबरोबर खरखरही चढते. म्हणून बॉक्सचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि त्याला पुन्हा हात लावू नये. कमी-जास्त करायचं ते फक्त बारवर.

दुसरी गोष्ट, टीव्हीचा स्वतःचा स्पीकर बंद करा. दोन्ही चालू असले की एकाचा आवाज किंचित मागून येतो, शब्द घुमतात, आणि कळत नाही म्हणून आपण आणखी मोठं करतो. सेटिंगमध्ये साऊंड आउटपुट किंवा टीव्ही स्पीकर असा पर्याय असतो. ऑप्टिकल वायर लावली असेल तर हे नक्की तपासा, कारण तिथे टीव्हीच्या रिमोटने बहुधा बारचा आवाज बदलत नाही. टीव्हीला एआरसी लिहिलेलं एचडीएमआय छिद्र असेल तर तीच वायर उत्तम. सीईसी सुरू केलं की टीव्हीच्याच रिमोटने बार चालतो. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राविया सिंक. हेडफोनच्या छिद्रातून साधी वायर नेली असेल तर टीव्हीचा आवाज निम्म्याहून थोडा वर एका जागी ठेवा.

बारवर व्हॉइस किंवा डायलॉग असं बटण असेल तर ते लावा. त्याने संवाद पुढे येतात, आणि आकडा उतरवूनही बातम्या समजतात. नाईट मोड असेल तर जाहिरात किंवा मारामारी लागल्यावर आवाज एकदम उसळत नाही.

सोबत वूफरचा डबा असेल तर त्याचा प्रश्न वेगळा. बोलण्याचा आवाज भिंत बराच अडवते, धमधम अडवत नाही. पत्र्याची भिंत तर स्वतःच थरथरते. शेजारी रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी झोपला असेल, तर त्याच्या उशाशी ती पोचते. वूफर सामाईक भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून दूर ठेवा, रात्री बेस अगदी खाली आणा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. आपल्या गल्ल्यांत ती किती पाळली जाते, हे वाचकांना सांगायला नको.

कानाचा हिशोब थोडा कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांसाठी 80 डेसिबल आठवड्याला 40 तास, लहानांसाठी 75. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 83 ला 20 तास, 86 ला 10. हे माप कानात घालून ऐकायच्या साधनांसाठी दिलेलं आहे, पण आवाज कुठून आला हे कान विचारत नाही. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. यंत्राशिवाय ओळखायचं असेल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलून बघा. ओरडून बोलावं लागलं तर आवाज जास्त आहे. टीव्ही बंद केल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर नक्कीच जास्त.

एकाच खोलीत मुलगी दहावीला असेल, तर मात्र आवाज कमी करून भागत नाही. पंख्याच्या घरघरीची सवय होते, मालिकेतल्या बोलण्याची होत नाही. शब्द कानावर पडला की मन तिकडे जातंच. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत रामजी सुभेदार बाळ भीमाला रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवत. आपल्याला तेवढंही करायचं नाही. संध्याकाळी दोन तास बार आणि टीव्ही दोन्ही बंद, इतकंच. मालिका दुसऱ्या दिवशी पुन्हा लागते.

घरातली आजी किंवा आजोबा सारखे "वाढव, वाढव" म्हणत असतील, तर आधी त्यांची खुर्ची टीव्हीजवळ सरकवा. मग कान तपासून घ्या. कधी नुसता मळ साचलेला असतो. तो काडीने किंवा पिनने काढू नका, तेलही घालू नका. सरकारी रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात दाखवा. मुंबईकरांना वांद्र्याची अली यावर जंग संस्थाही आहे. श्रवणयंत्र लागलंच, तर गरजूंसाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे. जाताना आधार कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा, म्हणजे परत खेप पडत नाही.