पहिली एअरलाइन निवडताना

दोनशे तासांचं उड्डाण, लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी एवढं पार पडलं की भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळतो. बारामती, गोंदिया किंवा धुळ्यात शिकलेल्या मुलामुलींच्या घरी तोवर कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात. अशात एखाद्या प्रादेशिक एअरलाइनचं ऑफर लेटर आलं, की ते नीट वाचायच्या आधीच सही होते.

नाशिककडच्या एका तरुणाचं असंच झालं. तो रुजू झाला तेव्हा कंपनीच्या ताफ्यातली निम्मी विमानं सुट्या भागांअभावी एप्रनवर उभी होती, इंजिनांवर कव्हरं चढवून. पगाराचा मोठा हिस्सा उड्डाणाच्या तासांवर होता आणि विमानंच उभी असल्यामुळे तास मिळेनात. काही महिन्यांनी ठरलेला पगारही लांबायला लागला. सोडून जावं, तर टाइप रेटिंगच्या, म्हणजे त्या विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाच्या खर्चापोटी लिहून दिलेला बाँड आडवा. आज तो दुसरीकडे कमांडर आहे. नव्या मुलांना तो एकच सांगतो: पगाराचा आकडा सगळ्यात शेवटी विचारा.

त्याच्या मते पहिला प्रश्न विमानाचा, आणि त्याचं म्हणणं पटतं. प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी वेगळं टाइप रेटिंग लागतं. त्यावर लाखो रुपये खर्च होतात आणि ते त्या विमानापुरतंच चालतं. विजयवाड्याची एअर कोस्टा एम्ब्रेअर ई-जेट उडवत होती. फेब्रुवारी 2017 मध्ये ती थांबली, तेव्हा देशातल्या दुसऱ्या कुठल्याही नियमित एअरलाइनकडे ती विमानं नव्हती. स्टार एअरने 2019 मध्ये एम्ब्रेअरच आणलं, पण ते ईआरजे-145. त्याचं रेटिंग निराळं. ई-जेटपैकी ई-175 तिच्याकडे आलं ते 2023 मध्ये. म्हणजे एअर कोस्टाच्या वैमानिकांच्या हातातलं रेटिंग देशात काही वर्षं जवळपास बिनकामाचं होतं. एटीआरचं तसं नाही. अलायन्स एअर, गोव्याची फ्लाय91 आणि 2017 च्या अखेरीपासून इंडिगो, सगळ्यांकडे एटीआर आहे. एका ठिकाणी दार बंद झालं तरी दुसरीकडे विचारता येतं.

दुसरा प्रश्न, आज उडणारी विमानं किती? ताफा किती मोठा, हे सांगणारा आकडा इथे उपयोगाचा नाही. कमांडर व्हायला लागणाऱ्या एटीपीएल परवान्यासाठी इतर अटींबरोबर एकूण 1500 तास लागतात. दोनशे तासांवर रुजू झालेल्या को-पायलटला महिन्याला सत्तर तास मिळाले, तर ही मजल दीड-पावणेदोन वर्षांत गाठता येते. वीसच मिळाले, तर पाच वर्षं उलटतात. शिवाय 90 दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झाली नाहीत, तर प्रवाशांना घेऊन उडण्याआधी ती पुन्हा पूर्ण करावी लागतात. घरी बसलेल्या वैमानिकाचं नुकसान नुसतं पगाराचं नसतं.

मग मार्ग बघावेत. प्रादेशिक विमानसेवेसाठीच्या सरकारी ‘उडान’ योजनेत तोटा भरून काढणारं अनुदान एका मार्गाला तीन वर्षं मिळतं. कॅगच्या 2023 च्या अहवालानुसार योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी 112 मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली, आणि त्यानंतरही मार्च 2023 पर्यंत चालू राहिले ते फक्त 54. नांदेडकरांना हे सांगायला नको. एप्रिल 2017 मध्ये नांदेड-हैदराबाद विमान मोठ्या थाटात सुरू करणारी ट्रूजेट फेब्रुवारी 2022 मध्ये बंद पडली. म्हणून ज्या कंपनीचा सगळा डोलारा अनुदानाच्या मार्गांवर उभा आहे, तिथे अनुदानाची मुदत कधी संपते ते विचारायला लाजू नये.

हे वाचून प्रादेशिक एअरलाइनच नको, असं मात्र कुणी ठरवू नये. छोट्या पल्ल्यांमुळे दिवसात चार-चार लँडिंग होतात, छोट्या धावपट्ट्यांची सवय होते, कोकणातला पावसाळा ढगांच्या वरून नाही तर ढगांतून शिकावा लागतो. एवढी शिदोरी सुरुवातीच्या वर्षांत मोठ्या जेटवर मिळत नाही. सिंधुदुर्ग किंवा जळगावला उतरणाऱ्या एटीआरच्या उजव्या सीटवर बसलेला को-पायलट रोज काहीतरी नवं शिकतो.

करार मात्र ओळ न ओळ वाचावा. विमान वाहतूक नियामक डीजीसीएने 2017 मध्ये को-पायलटसाठी सहा महिने आणि कमांडरसाठी एक वर्ष असा नोटिसीचा काळ ठरवला, त्यामुळे आज राजीनामा आणि उद्या दुसरी वर्दी हे होत नाही. बाँडची रक्कम वर्षागणिक घटते का, कंपनीनेच पगार थकवला तर बाँड सुटतो का, किमान किती तासांचा भत्ता नक्की, बेस कुठला आणि तो बदलला तर राहण्याचा खर्च कुणाचा, याची उत्तरं कागदावर हवीत. एचआरने फोनवर दिलेला शब्द धरून चालू नका. सही करण्याआधी त्या कंपनीत आज उडणाऱ्या एकाशी आणि ती सोडून गेलेल्या एकाशी बोला, आणि बाँड वकिलाला दाखवा.