ब्रोमेलियाड : जोपासना आणि दक्षता

कार्यालयाच्या किंवा शाळेच्या व्हरांड्यात शोभून दिसणारी ब्रोमेलियाड ही अननसाच्या कुळातील वनस्पती होय. या कुळात ३,००० हून अधिक जाती असून, पश्चिम आफ्रिकेतील एक जात वगळता त्या सर्व मूळच्या अमेरिका खंडातील आहेत.

यांपैकी अनेक जाती झाडांच्या फांद्यांवर वाढतात. त्यांची मुळे प्रामुख्याने आधारासाठी असतात. पाणी व अन्नद्रव्ये पानांच्या मध्यभागी तयार होणाऱ्या द्रोणातून शोषली जातात. म्हणूनच कुंडीत चिकण माती भरल्यास मुळे कुजतात. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा व थोडे पानखत यांचे भुसभुशीत मिश्रण वापरावे. सकाळचे कोवळे ऊन द्यावे. क्षारयुक्त पाण्यापेक्षा पावसाचे पाणी उत्तम. ताम्रयुक्त बुरशीनाशक मात्र फवारू नये. तांबे या वनस्पतीस घातक ठरते.

रोप सहसा एकदाच फुलते व हळूहळू सुकते. परंतु तत्पूर्वी बुडाशी फुटवे देते. फुटवा मूळ रोपाच्या एकतृतीयांश ते निम्म्या उंचीचा झाल्यावर धारदार चाकूने वेगळा करून लावावा.

द्रोणातील पाणी रोपाचे जीवन असले, तरी त्यातच डेंगीचा प्रसार करणारा एडिस डास अंडी घालू शकतो. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा कुंडी तिरपी करून पाणी ओतून द्यावे, द्रोण जोराच्या धारेने धुवावा व ताजे पाणी भरावे. गावात ‘कोरडा दिवस’ पाळताना पिंप व रांजण यांबरोबरच या कुंड्याही तपासल्या जाणे अगत्याचे आहे.