निर्धूर चुलीच्या धुराड्याची निगा

स्वयंपाकघरातील धूर छपराबाहेर जावा, गृहिणीचे डोळे व फुप्फुसे वाचावीत आणि जळण कमी लागावे, हे निर्धूर चुलीचे तीन हेतू होत. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ साली तयार झालेली मगन चूल याच हेतूने घडविली गेली. पुढे १९८३ पासून राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमातून अशा चुली गावोगावी बसविण्यात आल्या. तो कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस पुष्कळ घरांत पोहोचला. तरीही आंघोळीचे पाणी, भाकरी व जनावरांचे आंबोण यांसाठी अनेक घरी चूल पेटतेच. चूल एकदा बसविली की काम संपले, असा समज मात्र घातक आहे. निगा न राखलेले धुराडे धूर घरात परत आणते आणि प्रसंगी छप्परही पेटविते.

काजळी कशी साचते? तापलेली हवा हलकी होऊन नळीतून वर चढते व चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. जळण ओले असेल तर आच मंद राहते, धूर दाट होतो आणि नळीच्या थंड भागावर काजळी व डांबरासारखा चिकट थर धरतो. नळी अरुंद होऊन ओढ कमी होते. हा थर स्वतःच उत्तम जळण आहे; मोठ्या जाळाची एखादी ठिणगी त्यास पुरते. म्हणून पऱ्हाटी, तुरकाठी, गोवऱ्या किंवा बाभळीचे लाकूड पूर्ण वाळवून व पावसाळ्यापूर्वी आडोशाला रचून ठेवावे.

सफाई. चूल रोज पेटत असल्यास महिन्यातून एकदा, आणि ओले जळण वापरावे लागल्यास दर पंधरवड्याने नळी साफ करावी. चूल पूर्ण थंड झाल्यावर वरची टोपी काढावी, बांबूच्या टोकाला गोणपाटाचा बोळा घट्ट बांधून नळीत वरखाली फिरवावा व खाली पडलेली काजळी काढून घ्यावी. चूल व वैल यांमधील बोगद्यातील राखही खरवडावी. तोंडाला फडके बांधावे. जुनी नळी अ‍ॅसबेस्टॉस सिमेंटची असल्यास ती कापू, घासू वा फोडू नये. तिची धूळ फुप्फुसास अपायकारक असते. नंतर चुलीच्या तोंडाशी धुमसती काडी धरावी. धूर आत ओढला गेला तर मार्ग मोकळा आहे असे समजावे. वैलावर भांडे नसेल तेव्हा त्यावर झाकण ठेवावे, अन्यथा ओढ मोडते.

छपराजवळची दक्षता. शाकारलेल्या छपरातून नळी नेताना तिच्याभोवती निदान एक वीत जागा मोकळी ठेवून तेथे पत्रा बसवावा. नळीचे तोंड आढ्याच्या वर काढावे. सांध्यांतील भेगा माती व शेणाच्या काल्याने लिंपाव्यात. कडब्याची गंजी व जळणाचा ढीग धुराड्यापासून दूर असावा.

राख व निखारे. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा बराच वेळ जिवंत राहतो. अशी राख उकिरड्यावर वा गंजीजवळ टाकल्यास वाऱ्याने आग भडकते व वर्षाची वैरण तासाभरात जाते. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात एक दिवस ठेवून, पाणी शिंपडून मगच खतखड्ड्यात टाकावी. तिच्यातील पालाश पिकास उपयोगी पडते.

नळीने पेट घेतल्यास. नळीतून घोंघावल्यासारखा आवाज येऊ लागला व वरून ठिणग्या उडू लागल्या, तर माणसे व जनावरे प्रथम बाहेर काढावीत. सुरक्षितपणे जमत असेल तर चुलीचे तोंड व वैल ओल्या मातीने बंद करून हवा तोडावी आणि छप्पर भिजवावे. तापलेल्या नळीत पाणी ओतू नये. नळी तडकते आणि वाफेने माणूस भाजतो. नळी थंड होऊन तपासली जाईपर्यंत चूल पेटवू नये.

ग्रामसेवकांनी निदान एका घरी सफाईचे प्रात्यक्षिक करून दाखवावे आणि घरातील पुरुषांनाही त्यात सहभागी करून घ्यावे. छपरावर चढण्याचे काम एकट्या गृहिणीवर पडल्यास ते लांबणीवर पडते. महिन्यातील अर्ध्या तासाच्या या श्रमावर घर, वैरण व माणसांचे आरोग्य अवलंबून आहे.